दुसऱ्या सीटवरचा वऱ्हाडी

मराठी चित्रपटात वऱ्हाडी बोलणारा माणूस प्रवासाला निघाला, की तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या सोबतीला निघालेला असतो. गाडी नायकाची, दुःख नायकाचं आणि शेवटी डोळे उघडतात तेही नायकाचेच. वऱ्हाड्याच्या वाट्याला येतात चार खुसखुशीत वाक्यं, एखादं 'काऊन बे' आणि थिएटरातला हमखास हशा. मुक्काम आला की तो पिशवी उचलून उतरतो. घरून निघताना तो कसा होता आणि परतताना कसा झाला, हे बघायला कॅमेरा थांबत नाही.

प्रवास, मैत्री आणि स्वतःची ओळख या तीन धाग्यांवर विणलेले विनोदी चित्रपट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत आणि हिंदीत भरपूर आले. अमरावती-अकोल्याच्या बाजूने पाहिलं तर हे चित्रपट जरा वेगळे दिसतात, आणि ज्यांना सहसा कोणी प्रवासपट म्हणत नाही असे काही चित्रपट या पंगतीत येऊन बसतात.

या प्रकाराचा साचा जुना आणि दणकट आहे. एकमेकांशी पटणं शक्य नाही अशी दोन माणसं एका वाहनात कोंबायची, वाहन बिघडवायचं, पैसे संपवायचे आणि मग काय होतं ते बघायचं. फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाईट'ने (१९३४) घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार यांना बसमध्ये शेजारी बसवलं. त्याच गोष्टीवर आपल्याकडे 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) निघाले. 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाईल्स'मध्ये (१९८७) सणाला घर गाठायच्या घाईत असलेला एक चिडका नोकरदार आणि एक बडबड्या विक्रेता एकमेकांच्या गळ्यात पडतात. चित्रपटभर आपण त्या बडबड्याला हसतो, आणि शेवटी कळतं की घरी जायला घरच नसलेला माणूस तोच आहे. हा प्रकार खऱ्या अर्थाने जमतो तो असा: सोबतीला घेतलेल्या विनोदी माणसाकडे कॅमेरा एकदा तरी वळला पाहिजे. वऱ्हाडी माणसाच्या बाबतीत तो क्वचितच वळला. जेव्हा वळला, तेव्हा मात्र चांगला चित्रपट हाती लागला.

टॉकीजच्या नावाचे चौक

अमरावतीत पत्ता सांगताना आजही राजकमल चौक, प्रभात चौक, चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक अशी नावं येतात. शहराचा नकाशा टॉकीजांनी आखलेला आहे. पडदे एकेक करून मिटत गेले, प्रेक्षक मल्टिप्लेक्सकडे वळला, चौक मात्र त्याच नावांनी राहिले. ज्या पोराने तिथे कधी तिकीट काढलं नाही, तोही ऑटोवाल्याला 'चित्रा चौकात सोड' असंच सांगतो.

इथला सिनेमाशी असलेला संबंध केवळ बघण्याचा नव्हता, व्यापाराचाही होता. हिंदी चित्रपटाच्या धंद्यात हा सगळा मुलूख 'सीपी-बेरार' सर्किट म्हणून ओळखला जातो. मध्यप्रांत आणि वऱ्हाड ही इंग्रजी राजवटीतली जोडणी होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि ती जोडणी नकाशावरून पुसली गेली. वितरकाच्या वहीतून मात्र ती गेली नाही. भुसावळ आणि अमरावती ही या सर्किटची व्यापारी ठाणी. चित्रपटाच्या पेट्या इथे उतरत आणि इथून तालुक्या-तालुक्यांत जात.

याचा एक परिणाम प्रेक्षकाच्या कानावर झाला. वऱ्हाडाचा प्रेक्षक मराठीइतकाच, किंबहुना जास्तच, हिंदी सिनेमावर पोसला. त्याच्या बोलण्यात हिंदी अशी मिसळलेली असते की मैत्रीची भाषा कुठे मराठी संपते आणि कुठे हिंदी सुरू होते, हे सांगता येत नाही. 'बॉम्बे टू गोवा'मधला (१९७२) मेहमूदचा कंडक्टर त्याला परका वाटला नाही. तसले कंडक्टर अकोट, दर्यापूर, अचलपूरच्या एसटीत भेटतातच.

दुसरा परिणाम जरा कडू आहे. ज्या गावाने पिढ्यानपिढ्या सिनेमा विकला आणि पाहिला, ते गाव सिनेमाचा विषय फारसं झालं नाही. मराठी निर्मात्याची नजर मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यावर. वऱ्हाडी बोली ठेवली तर त्या पट्ट्यात कळेल का, ही धास्ती. मग तोडगा सोपा: नायक प्रमाण मराठी बोलेल, आणि गंमत म्हणून एक वऱ्हाडी सोबतीला देऊ.

सिनेमाच्या आधीचे वाटसरू

खरं तर प्रवास आणि विनोद यांची सोयरीक वऱ्हाडात सिनेमाच्या फार आधीची आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा घर सोडून निघाले ते १९५६ साली अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी देह ठेवेपर्यंत फिरतच राहिले. कीर्तनात ते उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. भोळेपणाचा आव आणून बोकडाबद्दल, नवसाबद्दल, सावकाराच्या कर्जाबद्दल विचारायचं; लोकांनी उत्तर द्यायचं; त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा. माणसं खदखदून हसत आणि मध्येच ध्यानात येई, की आपण आपल्याच घरातल्या गोष्टीला हसतोय. 'स्वतःचा शोध' हा भारदस्त शब्द न वापरता स्वतःशी गाठ घालून देण्याची ही रीत.

गाडगेबाबांवरचा 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) दिग्दर्शित केला राजदत्त यांनी, जे स्वतः अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. राजदत्तांचा पहिला चित्रपट 'मधुचंद्र' (१९६७) हलकाफुलका, विनोदी. पुढे 'अरे संसार संसार' (१९८१) आला, ज्यातलं अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं गीत घराघरांत पोचलं. इथे एक गोष्ट ठळक दिसते. या मातीतला दिग्दर्शक आणि या मातीतला कवी पडद्यावर एकत्र आले ते शेतकऱ्याच्या दुःखाच्या गोष्टीत. तो चित्रपट आणि ते गीत, दोन्ही मोलाची. पण पुढेही वऱ्हाडची शेती म्हटलं की दुःखच, असा पायंडा पडला. हसणारा मुलूख पडद्यावर रडताना जास्त दिसला.

अजून मागे गेलं तर विश्राम बेडेकर भेटतात. त्यांचा जन्म १९०६ सालचा, अमरावतीचा. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर घडणारी 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी लिहिणारा हा लेखक चित्रपटात आला, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या कामांत राम गणेश गडकऱ्यांच्या 'ठकीचे लग्न'वरचा विनोदी चित्रपट (१९३५) होता. मराठीतली सर्वांत गंभीर प्रवास-कादंबरी आणि पडद्यावरचा सुरुवातीचा विनोद, दोन्हींवर एकाच अमरावतीकराचं नाव आहे.

आणि लोकांचे प्रवास? शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते ती अकोल्यावरून. तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते. विदर्भातल्या सर्वांत जुन्या पालख्यांत तिची गणना होते. दिंडीत अभंगाइतकंच भारुड असतं, आणि भारुडाइतकीच एकमेकांची टवाळी. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे तोच नेमका शेजारी झोपायला येतो, आणि पाय सुजले की त्याच्याच डबीतलं तेल मागावं लागतं. चांदूरबाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जानेवारी संपेपर्यंत चालते; हंडीतलं मटण आणि रोडगे यांच्यासाठी मित्रांची टोळकी तिथे जातात. देवदर्शन हे निमित्त असतं, पण ते निमित्त घरी सांगावं लागतं.

एसटी ते लंडन

मराठी विनोदी प्रवासाच्या दोन जाती करता येतात. पहिली गर्दीच्या प्रवासाची. तिची आई नाटकात सापडते: लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' (१९७९). एकटा नट, पन्नासहून अधिक पात्रं, आणि मराठवाड्यातल्या खेड्यातून लग्नासाठी थेट विमानाने निघालेला गोतावळा. त्या प्रयोगात कुणी एक नायक नाही. अख्खं गाव नायक आहे. सचिन पिळगावकरांचा 'नवरा माझा नवसाचा' (२००४) हा त्याच गर्दीचा सिनेमा. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, नवसाचं अवघड ओझं घेऊन बसलेलं जोडपं आणि अशोक सराफांचा कंडक्टर. २०२४ साली त्याचा दुसरा भाग रेल्वेतून आला. या जातीच्या विनोदात माणूस बदलत नाही, उघडा पडतो. बसमधला प्रत्येक जण उतरताना होता तसाच असतो, फक्त बाकीच्यांना तो कळलेला असतो.

दुसरी जात शहरी माणसाच्या एकटेपणाची. सचिन कुंडलकरांच्या 'हॅपी जर्नी'त (२०१४) नात्यांपासून तुटलेला भाऊ आणि मरण पावलेली बहीण एका व्हॅनमधून फिरतात. इथे सोबतीणच अदृश्य आहे. मंगेश जोशींच्या 'कारखानीसांची वारी'त एकत्र कुटुंबातली मंडळी घरातल्या वडीलधाऱ्याच्या अस्थी घेऊन पुण्याहून पंढरपूरकडे निघतात, आणि अस्थींपेक्षा जड असं बरंच काही गाडीतून बाहेर पडतं. हेमंत ढोमेंचा 'झिम्मा' (२०२१) सात बायकांना लंडनच्या सहलीला घेऊन गेला. निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या घरांत अडकलेल्या बायका, आणि सहल सांभाळणारा एक नवखा पोरगा. टाळेबंदीनंतर बायकांनी गटागटाने थिएटर भरलं ते या चित्रपटाला. निर्मिती सावंत आणि सुहास जोशींची कामं बघताना हसता हसता घसा दाटतो, ही त्याची कमाई. पुढे २०२३ साली 'झिम्मा २' आला.

'झिम्मा'विषयी वऱ्हाडातून एक शंका विचारावीशी वाटते. तिथे सुटका विकत घेतलेली आहे. तिकीट काढलं, आठ-दहा दिवस घरापासून लांब गेलं, मोकळं झालं. दर्यापूर किंवा बार्शीटाकळीच्या बाईला असा निव्वळ मोकळं होण्यासाठीचा प्रवास मिळत नाही. तिला निमित्त लागतं: माहेर, लग्न, वारी, दवाखाना, मुलाच्या कॉलेजातला प्रवेश. मोकळीक मिळते ती त्या निमित्ताच्या कडेकडेने.

म्हणूनच गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) हिंदी असूनही इथल्या बायकांना जवळचा वाटावा. पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते ती भाचीच्या लग्नाच्या कामाला. इंग्रजीचा वर्ग ती चोरून करते. त्या वर्गात देशोदेशीची माणसं भेटतात, एकमेकांच्या चुकांना हसतात आणि त्या हसण्यातून मैत्री होते. लाडू वळणारी बाई आपल्याकडे उद्योजक म्हणून पाहायला शिकते, आणि तरी लाडू वळणं सोडत नाही. शूजित सरकारच्या 'पीकू'तही (२०१५) दिल्ली ते कोलकाता हा प्रवास बापाच्या हट्टापायी आणि पोटाच्या तक्रारीसकट होतो. किरण रावांच्या 'लापता लेडीज'मध्ये (२०२४) नवऱ्याच्या घरी चाललेल्या दोन नवऱ्या मुलींची रेल्वेच्या डब्यात अदलाबदल होते. त्यातल्या एकीला स्वतःची ओळख होते ती फलाटावरच्या चहाच्या टपरीवर. यातलं कुणीही 'मी कोण' हे शोधायला निघालेलं नाही. काम होतं म्हणून निघाले, आणि कामात घोळ झाला म्हणून स्वतःशी गाठ पडली.

कामाने निघालेली माणसं

ही 'कामाने निघण्याची' गोष्ट ध्यानात घेतली, की वऱ्हाड आणि आसपासच्या मुलखातले चित्रपट नव्याने दिसू लागतात.

रमेश इंगळे उत्रादकर हे बुलडाण्याचे. त्यांच्या 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीवर पुरुषोत्तम बेर्डे यांनी २००९ साली चित्रपट केला; अशोक सराफ, मकरंद अनासपुरे अशी विनोदातली कसलेली मंडळी त्यात होती. साक्षरता मोहिमेचे आदेश आलेत, आकडे भरायचेत, आणि शाळामास्तर निरक्षर माणसं शोधत दारोदार हिंडताहेत. प्रवास म्हणावा तर पंचक्रोशीतलाच. पण सरकारी कागदापायी हिंडणारा मास्तर शेवटी स्वतःच्याच शिकण्या-शिकवण्याकडे तिरकसपणे बघू लागतो. कादंबरीची धार चित्रपटात काहीशी बोथट झाली, हे खरं. हशा पिकवायच्या घाईत त्या मास्तरांमधली एकमेकांना सांभाळून घेणारी लबाड मैत्री मागे पडली.

त्याच वर्षीचा सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' या सगळ्यांत धाडसी. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली, म्हणून किस्नाची बायको घाबरते. आपला नवराही तसंच करील या भीतीने ती म्हाताऱ्या सासूला आणि पोराला त्याच्यावर पहाऱ्याला बसवते. त्याला काही कळू द्यायचं नाही, गोडधोड खाऊ घालायचं, एकटं सोडायचं नाही. किस्ना बिचारा आपल्या पेरणीच्या आणि पावसाच्या विवंचनेत. त्याच्या ध्यानीमनीही नाही. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांनी हा काळा विनोद इतका साधेपणाने केला की हसू ओठावर येऊन तिथेच थिजतं. याला प्रवासपट म्हणता येणार नाही. घर ते शेत एवढंच अंतर आहे. पण नवऱ्यामागे पोर, पोरामागे आजी ही जी पळापळ आहे, ती सोबतीच्या विनोदाची अस्सल वऱ्हाडी आवृत्ती आहे. एरवी सोबती प्रवासात भेटतो. इथे सोबत लादली जाते, कारण ती सुटली तर माणूस जाईल. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्येवर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. त्या घरात माणसं हसतही असतात, हे या चित्रपटाने दाखवलं.

श्रीहरी साठे यांचा 'एक हजाराची नोट' (२०१४) मात्र हवा तसा प्रवासपट आहे, आणि मैत्रीचाही. लेखन श्रीकांत बोजेवार यांचं. बुढी ही एकटी म्हातारी, तिचा शेतकरी मुलगा आत्महत्येत गेलेला. शेजारचा सुदामा तिला जीव लावतो. निवडणुकीच्या सभेत पुढारी तिच्या हातावर हजाराच्या नोटा ठेवतो. आजवर एवढी नोट तिने पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी दोघं तालुक्याच्या बाजाराला निघतात, आणि तिथे चार गरजेच्या वस्तू घ्यायला गेलं तर नोट मोडत नाही. गरिबाच्या हातात मोठी नोट म्हणजे संशय, आणि संशय म्हणजे पोलीस ठाणं. उषा नाईक आणि संदीप पाठक या जोडीने जे केलंय ते मुद्दाम पाहावं. म्हातारीचा आनंद, सुदामाची काळजी, दोघांची आपसातली थट्टा. आणि एका दिवसाच्या प्रवासात बुढीला कळतं की या जगात तिची किंमत तिच्या हातातल्या नोटेपेक्षाही कमी आहे. पाठक यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे प्रयोगही पुढे चालवले. गर्दीचा प्रवास आणि दोघांचा प्रवास, दोन्ही एकाच नटाने पेलले. चित्रपट आल्यावर दोन वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०१६ला, हजाराची नोटच रद्द झाली, आणि खेडोपाडी हजारो बुढ्या आणि सुदामा बँकेच्या रांगेत उभे राहिले. सिनेमातला विनोद वास्तवाने इतक्या लवकर गाठल्याचं उदाहरण विरळा.

त्यानंतर 'नाळ' (२०१८). दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी तेलुगू मुलखातले, 'सैराट'चे छायालेखक. चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा. आपण दत्तक आहोत हे त्या पोराच्या कानावर पडतं आणि त्याचा घरातल्या घरात प्रवास सुरू होतो: आईच्या प्रत्येक रागावण्याकडे तो आता वेगळ्या नजरेने बघू लागतो. पहिल्या अर्ध्या भागातली पोरांची टोळी, म्हशीचं रेडकू, नदी, उनाडक्या यांत विनोद इतका सहज येतो, की पुढचं दुःख बेसावधपणी गाठतं. आणि सगळं वऱ्हाडीत. कोणत्याही पात्राने पुण्याच्या प्रेक्षकासाठी थांबून आपलं बोलणं समजावून सांगितलं नाही. श्रीनिवासला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'नाळ भाग २' (२०२३) मध्ये चैत्या खराखुरा प्रवास करतो, जन्मदात्या आईच्या गावी, पश्चिम महाराष्ट्रात. तिथे धाकटी बहीण चिमी भेटते. दोन पोरांच्या दोन बोली एकमेकींना अडखळतात, रुसतात आणि मग गट्टी जमते. या चित्रपटासाठी श्रीनिवास पोकळे, त्रिशा ठोसर आणि भार्गव जगताप या तिघांनाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वऱ्हाडी बोलणारं पोर प्रवासाला निघालं, आणि या वेळी ते कुणाच्या सोबतीला नव्हतं. प्रवास त्याचा होता.

नागपूर वऱ्हाडात येत नाही, पण नागराज मंजुळेंच्या 'झुंड'ला (२०२२) वगळून पुढे जाता येत नाही. झोपडपट्टीतली पोरं फुटबॉल खेळायला परदेशी निघतात, आणि खरा सामना मैदानाबाहेर सुरू होतो. रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचे वडील पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा मिळवायला या दारातून त्या दारात हिंडतात. 'तू कोण आहेस, ते सिद्ध कर' हा प्रश्न तत्त्वज्ञाने विचारला तर अध्यात्म होतं, कारकुनाने विचारला की विनोद होतो. मंजुळेंनी तो विनोद खारट ठेवला.

तोंडावर कौतुक नाही

या मुलखातली मैत्री पडद्यावर आणणं अवघड आहे, कारण ती बोलून दाखवत नाहीत. दोस्त परीक्षेत पास झाला तर 'पेपर तपासणारा झोपला व्हता का बे?' असं विचारतात. दवाखान्यात भेटायला येणारा 'मेला नाई अजून?' म्हणत डबा उघडून ठेवतो. भावनेचा प्रसंग आला की वऱ्हाडी माणूस सावध होतो आणि विषय बदलतो. कापसाचा भाव, पाऊस, गाडीची वेळ, काहीही चालतं. हिंदी-मराठी प्रवासपटात तिसऱ्या अंकात मित्र एकमेकांसमोर मन मोकळं करतात, मागे वाद्यमेळ वाजतो. इथे तसं कुणी करू लागलं तर समोरचा विचारील, 'काय झालं राजा, तब्येत बरी हाय नं?'

ही बोली घराघरांत पोचवण्याचं श्रेय अमरावतीच्या भारत गणेशपुरेंना द्यावं लागतं. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मधून त्यांनी वऱ्हाडी कान कोल्हापूर-सिंधुदुर्गापर्यंत तयार केला. चेहरा सरळ ठेवून, आवाज न चढवता वाकडं बोलायचं, ही खास इथली शैली. विनोद करतोय हे बोलणाऱ्याने कबूल करायचंच नाही. पण लोकप्रियतेची एक किंमतही असते. बोली हसण्यासाठीच असते असा ग्रह पक्का झाला. वऱ्हाडी वाक्य उच्चारलं की प्रेक्षक अर्थ कळायच्या आधीच हसतो. मग त्या वाक्यात एखाद्याने दुःख सांगितलं तर ते ऐकणार कोण? 'नाळ'चं मोठेपण यातही आहे, की सुरुवातीला बोलीला हसणारा प्रेक्षक शेवटी तीच बोली ऐकून गप्प बसला.

अजून न निघालेल्या गाड्या

पटकथेच्या शोधात असलेल्याने एकदा मूर्तिजापूर स्टेशनवर उतरावं. इथून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशी शकुंतला रेल्वे धावत होती: नॅरोगेज, कापूस वाहायला किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली. यवतमाळचा फाटा सुमारे ११३ किलोमीटर, अचलपूरचा सुमारे ७६. वाफेचं इंजिन १९९४पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. अचलपूरचे ते ७६ किलोमीटर कापायला गाडी तासांमागून तास घ्यायची. अनेक स्टेशनांवर माणूसच नसल्याने तिकीट देण्यापासून सगळी कामं गाडीवरचीच मंडळी करायची. आज ती बंद आहे. शंभराहून अधिक वर्षं या गाडीत बसून जी माणसं बाजाराला, सासरला, कोर्टाच्या तारखेला गेली, त्यांच्यात एक संपूर्ण विनोदी चित्रपट बसलेला आहे. एवढ्या हळू गाडीत अनोळखी राहणंच शक्य नव्हतं.

दुसरी गोष्ट बडनेऱ्याची. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावती जेमतेम दहा किलोमीटरच्या फाट्यावर राहिली. त्यामुळे अमरावतीकराचा कोणताही मोठा प्रवास पुष्कळदा एका छोट्या प्रवासाने सुरू होतो, आणि गाडी चुकते ती याच टप्प्यात. तिसरी गोष्ट चिखलदऱ्याची. पावसाळ्यात मोटारसायकलींवर ट्रिपल सीट, परतवाड्याला चहा, घाटात धुकं, आणि एकाच्या गाडीचं पेट्रोल हमखास संपतं. उद्या एक नोकरीसाठी पुण्याला जाणार, दुसरा बापाच्या कृषी केंद्रावर बसणार, तिसऱ्याचं लग्न ठरत नाही. तिघांनाही हे ठाऊक आहे आणि तिघंही त्याविषयी बोलत नाहीत. 'दिल चाहता है'मधल्या (२००१) तीन मित्रांना गोव्याच्या किल्ल्यावर जे बोलता आलं, ते या तिघांना भीमकुंडाच्या कठड्यावर बोलता येणार नाही. ते कणसं खात एकमेकांची उणीदुणी काढतील. लेखकाची कसोटी तिथेच लागेल.

बायकांची गोष्ट तर अजून कुणी हातातच घेतलेली नाही. शेगावच्या दर्शनाला एसटीने निघालेल्या चार शेजारणी, बचत गटाचं कर्ज फेडायला बँकेत निघालेल्या दोघी, लेकीला वसतिगृहावर सोडून एकटी परत येणारी आई. यातल्या प्रत्येक प्रवासाला घरी सांगण्याजोगं काम आहे आणि न सांगण्याजोगी मोकळीक आहे.

हे होत नाही ते गोष्टींच्या तुटवड्यामुळे नव्हे. बोली कळणार नाही ही सबबही 'सैराट' आणि 'नाळ' यांच्यानंतर उरलेली नाही. लिहिणारे इथे आहेत, अभिनय करणारे आहेत, आणि अमरावतीच्या पोराने दोनदा राष्ट्रीय पुरस्कार आणून दाखवलाय. अडतं ते पैशापाशी. मुंबईचा निर्माता आपल्या हिशेबाने चालणार, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण वऱ्हाडात कापसाचा, डाळीचा, बियाण्यांचा पैसा आहे, आणि सिनेमाचा धंदा उमगलेली घराणीही आहेत. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे चित्रपट आपल्या माणसांना विकले. एक चित्रपट आपल्या माणसांचा काढून दुसऱ्यांना विकायचा व्यवहार त्यांनी अजून करून पाहिलेला नाही.